बदक, डबकं आणि बुधवारचा फोटो

मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त, राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. दडपण नाही असं लिहिताना स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा आलेली "अहो, चहा गार होतोय" ही हाक मी धरलेली नाही. वकीलबाई म्हणाल्या, पत्नीने चहाला बोलावणं हे कायद्याने दडपण ठरत नाही. त्यांचं लग्न झालेलं नाही.

सगळ्यांची सरकारी नावं आणि पत्ते सोबतच्या तक्त्यात आहेत. इथे मी माणसांना ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने लिहीन, नाहीतर मलाच कळायचं नाही कोण कोण ते.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिला आहे. डोळ्यांचा दिलेला नाही, कारण देण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, चपला दिसतात, आणि चेहरा असायला हवा तिथे राखाडी धुकं असतं. हे मृत्युपत्रसुद्धा मी फोनवर एकेक अक्षर अंगठ्याएवढं करून, नजर जरा बाजूला ठेवून लिहिलं आहे. कुणी दुरून पाहिलं तर वाटावं, हा माणूस भिंतीवरच्या पालीकडे बघत टाइप करतोय.

यामुळे एक अडचण उभी राहिली. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्याला मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, साक्षीदारांसमोर. आणि वाचणारा असा हवा की ज्याला यातून काही म्हणजे काही मिळणार नाही."

"एखादा पानासुद्धा नाही?"

"एखादा पानासुद्धा नाही. उद्या कुणी म्हणायला नको की त्याने आपल्या सोयीचं वाचलं."

हे ऐकून मी घरी आलो आणि आधीचा मसुदा पुसून टाकला. त्यात माझ्या धाकट्या भावाला बरंच काही होतं. या मसुद्यात त्याला काहीही नाही. इतकं चांगलं मोठ्याने वाचणारा माझ्या ओळखीत तो एकटा आहे, जन्मभर त्याने छापखान्यात मुद्रितं वाचली, आणि गेली नऊ वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मेल्यावर त्याला काही देण्यापेक्षा जिवंत असताना त्याचा आवाज ऐकावा, असं मी ठरवलं. मुलीने त्याला निरोप दिला आहे. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. तिला एवढंच विचारलं, "पानं किती आहेत?" त्यामुळे आज, लिहिताना, मला माहीत नाही की हे कोण वाचणार आहे.

कलम एक. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. केलं होतं एकच, लग्नानंतर चार महिन्यांनी, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जाताना, लिफ्ट तपासणीच्या छापील फॉर्मच्या पाठीमागे. त्यात दोनच शब्द होते: "सगळं हिला." त्या वॉर्डात परिचारिका हीच होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "सगळं म्हणजे काय काय ते तरी सांगा." तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि भावाबरोबर अर्धी मोटार. तिने कागदाची घडी घालून तापाच्या तक्त्यामागे खोचून ठेवली.

कलम दोन. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दीड माणूस उभा राहील एवढी गॅलरी, माझ्या पत्नीला द्यावे. बँकेत जे असेल तेही तिलाच. एकतीस वर्षं मी शहरभर लोकांना उभ्या उभ्या वर नेलं आणि स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिलो, यावर सगळ्या नातेवाइकांचं हसून झालेलं आहे. आता पुरे.

तिची माझी पहिली भेट लिफ्टमुळेच झाली. ती औषधांच्या ढकलगाडीसकट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. मी वरून वाकून विचारलं, "घाबरला नाहीत ना?" खालून उत्तर आलं, "मी नाही घाबरले, पण तुम्ही हात चालवा, माझ्या पेशंटची इंजेक्शनची वेळ झालीय." मी हात चालवला. पुढे चाळीस वर्षं तेच करतो आहे. रविवार रविवार मी इमारतीजवळच्या गॅरेजमध्ये त्याच अर्ध्या मोटारीखाली काढले आणि ग्रीसचे कपडे तिने वेगळ्या बादलीत धुतले, याबद्दल तिने मला खूप बोलून घेतलं आणि ते सगळं रास्त होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे. ती नीट करून घ्यावी. मला आता ती पायानेच ओळखू येते, पण हिला डोळे आहेत आणि डोळे असलेली माणसं पायरीकडे बघत नाहीत.

कलम तीन. माझी सर्व हत्यारे, निळ्या पेटीतली आणि खिळ्यांना टांगलेली, माझ्या मुलीला द्यावीत. ती दातांची डॉक्टर आहे. अरुंद जागेत हात घालून न दिसणारी वस्तू चाचपायची तिला सवय आहे, म्हणून ती या कामाला माझ्यापेक्षा लायक आहे. लहान असताना ती गाडीखाली माझ्या शेजारी पाठीवर झोपायची आणि वर बघत म्हणायची, "बाबा, हिचं पोट दुखतंय का?" मी म्हणायचो, "बघूया." दहा नंबरचा पाना पेटीत सापडणार नाही. तो कधीच सापडत नाही. तो शोधण्यात वेळ न घालवता नवा घ्यावा, मी आजवर चौदा घेतले.

कलम चार. किरकोळ. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी गॅरेजच्या आवाजाबद्दल माझ्याविरुद्ध सहा लेखी तक्रारी केल्या, त्यातल्या दोन मी गावाला गेलो असतानाच्या आहेत. त्यांना गाडीचा जादा हॉर्न द्यावा, दारावर बसवून. ज्या रंगाऱ्याने गाडीला मी दाखवलेला फिकट हिरवा न लावता दवाखान्याच्या भिंतीचा हिरवा लावला, त्याला मी माफ करतो. पण तो हिरवा, तो नव्हता. हे त्यालाही माहीत आहे. समोरच्या पंपवाल्याने जॅक नेला आहे. तो त्यालाच राहू द्यावा, कारण परत मागायला गेलं की तो तासभर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतो.

कलम पाच. मोटार. या मोटारीचा फक्त अर्धा हिस्सा माझा आहे आणि तेवढाच मी देऊ शकतो. तो मी मुलीला देत आहे. उरलेला अर्धा मुळातच धाकट्याचा आहे, कागदावर नाव माझं एकट्याचं असलं तरी. जे माझं नाही ते मी देत नाही, म्हणजेच त्याला या लेखाने काही मिळत नाही. वकीलबाईंनी हे वाक्य दोनदा तपासलं आहे.

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तो बावीस, तेव्हा ती आम्हाला भंगारवाल्याच्या आवारात दिसली. चाकं नव्हती. तिच्या बॉनेटवर दोन माणसं डबे उघडून जेवत बसली होती. तिचं इंजिन मागे असतं आणि बॉनेटखाली रिकामी जागा, त्यामुळे मागून ती खाली बसल्यासारखी दिसते आणि वळणावर डुलते. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण ज्यांच्याकडे ती होती ते सगळे तिला एकाच नावाने ओळखायचे, बदक. धाकटा म्हणाला, "दादा, थांब, विचार कर." मी थांबलो नाही. तो प्रत्येक बाबतीत थांब म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव हँडब्रेक ठेवलं. मग थांबत थांबत दोन वर्षांनी ती सुरू झाली.

त्या दोन वर्षांतले रविवार मला अजून तुकड्यातुकड्यांनी दिसतात. मी गाडीखाली, पाठीला फरशीचा गारवा, आणि वर कुठेतरी तो स्टुलावर बसून दुरुस्तीचं पुस्तक वाचतोय. छापखान्यात एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा मुद्रित तपासतो, तेव्हा विरामचिन्हंसुद्धा वाचावी लागतात. त्याला तीच सवय. "बोल्ट ढिला करावा स्वल्पविराम पण पूर्ण काढू नये पूर्णविराम." मी खालून म्हणायचो, "काढला की रे." मग तो वर मागचं पान उलटायचा, आणि एखादा बोल्ट घरंगळत जाऊन कुठेतरी थांबल्याचा आवाज यायचा. त्या आवाजाइतकं निवांत मला पुढे कुठेच वाटलं नाही.

कलम सहा. "डबकं" या नावाची साईट, तिच्यावरील सर्व मजकूर आणि ती चालवण्याचा हक्क सदस्यांपैकी "नर्सरीवाली" यांना द्यावा. त्या खरोखरच रोपं विकतात आणि त्यांच्याकडे दोन बदकं आहेत, एक चालणारं आणि एक झेंडू लावलेलं. पासवर्डचा लिफाफा बिस्किटांच्या डब्यात आहे. घरात तो डबा कुणी उघडत नाही, कारण त्यात बिस्किटं नसतात हे सगळ्यांना माहीत आहे.

डबकं मी वीस वर्षांपूर्वी सुरू केलं, कारण बदकाचा एक सुटा भाग शोधताना मला कळलं की तोच भाग शोधणारा आणखी एक माणूस दुसऱ्या टोकाला बसला आहे. आधी आम्ही दोघे होतो, मग सात, मग चारशे. कुणी मास्तर, कुणी शिंपी, कुणी नुसताच हौशी, ज्याच्याकडे गाडी कधी नव्हतीच आणि तो फक्त वाचायला यायचा. नियम थोडे होते. टोपणनावानेच लिहायचं, माझं होतं "पाना नंबर दहा". ज्याने प्रश्न विचारला त्याने परत येऊन पुढे काय झालं ते सांगायचं. एका शिंप्याने गिअर अडकल्याचा प्रश्न विचारला आणि चार वर्षांनी येऊन सांगितलं की गिअर सुटला, मधल्या काळात मुलीचं लग्न होतं.

नर्सरीवालीला विनंती: फोनवरच्या ग्रुपात सगळं हलवा असं तरुण मंडळी म्हणतील. हलवू नये. तिथे सकाळी विचारलेलं संध्याकाळी वाहून जातं. डबक्यात पाणी साचतं म्हणून तर ते डबकं.

कलम सात. डबक्यावरचा "खिशातून" हा विभाग कोणा एकाला देऊ नये, तो जसा आहे तसा राहू द्यावा. फोनला कॅमेरा आला त्या वर्षी मी ठरवलं की रोज एक फोटो, तिथल्या तिथे, फोनवरूनच चढवायचा आणि खाली एक ओळ लिहायची. पहिला फोन इतका कच्चा होता की त्यातून काढलेलं सगळंच धुक्यातलं वाटायचं. पावसाने भरलेली पुढची काच आणि पलीकडे पिवळा ठिपका, तो ट्रॅफिक पोलिसाचा रेनकोट. सांडलेल्या तेलावरचे रंग. लिफ्टच्या रिकाम्या खोबणीतून वर दिसणारा एक चौकोनी आभाळाचा तुकडा. हातातून सुटून पडलेला नट आणि त्याची त्याच्यापेक्षा लांब सावली. असे चार हजारांवर फोटो आहेत. खालच्या ओळी बहुतेक बावळट आहेत.

डोळ्यांचं दुखणंही मला तिथेच कळलं. एका सकाळी मी गॅरेजच्या शटरचा फोटो टाकला आणि लिहिलं, "बघा, कुणीतरी ठोकर दिलेली दिसते, मधून वाकलंय." खाली एकामागून एक उत्तरं आली: दादा, सरळ आहे. दादा, पट्टी लावून बघितलं, सरळ आहे. नर्सरीवालीने लिहिलं, "शटर ठीक आहे. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आजच जा." चारशे माणसांनी मला सांगितलं की वाकलंय ते माझ्या आत. मी तेव्हा हसलो. आता हसत नाही.

दुपारी जरा डोळा लागला की मला बदक चालवल्याचं स्वप्न पडतं. रस्ता ओला असतो, दोन्ही बाजूंना उंच झाडं असतात, गाडी बिनआवाजाची चाललेली असते. आणि स्वप्नात मला मधलं दिसतं. शेजारी बसलेल्या माणसाकडे मान वळवली तर त्याचा चेहरा दिसेल, हे मला स्वप्नात पक्कं माहीत असतं. पण गाडी चालवताना समोर बघायचं असतं, म्हणून मी मान वळवत नाही, आणि जाग येते.

कलम सात-अ. (हे राहून गेलं होतं.) माझे डोळे दान करावेत. मागचा पडदा गेला असला तरी पुढची काच चांगली आहे, असं डॉक्टर म्हणतात. ज्याला बसेल त्याने वापरावी.

कलम आठ. हे कलम वाचणारा माझा धाकटा भाऊ नसेल तर वकीलबाईंनी ते गाळून सरळ सह्यांकडे जावे. यात मालमत्ता नाही.

धाकट्या, तू असशील तर पुढे वाच.

नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या एका बुधवारी, गॅरेजच्या पलीकडच्या इमारतीत लिफ्ट अडकल्याचा फोन आला. काम पंधरा मिनिटांत झालं. परत जाताना पाहिलं तर गॅरेजला कुलूप नव्हतं. मी बाजूच्या खिडकीतून आत डोकावलो. तू गाडीत बसला होतास, स्टिअरिंगवर हात, डोळे मिटलेले. छताच्या काचेतून आलेला उन्हाचा एक चौकोन नेमका तुझ्या अंगावर होता आणि त्यात धुळीचे कण अगदी सावकाश फिरत होते. मला वाटलं, रजा काढून निवांत बसलाय. मी फोन काढला, फोटो घेतला, उभ्या उभ्या डबक्यावर चढवला आणि खाली लिहिलं: "हँडब्रेकची समाधी लागली आहे, कृपया हॉर्न वाजवू नये." तुझी तंद्री मोडू नये म्हणून दार न ठोठावता निघून गेलो.

संध्याकाळपर्यंत सत्तावन्न जणांनी खाली विनोद केले. तुझ्या बायकोने काही लिहिलं नाही, तिने फक्त फोटो पाहिला. प्रत्येक फोटोवर साईट आपोआप वार आणि वेळ छापते, ती सोय मीच हौसेने करून घेतली होती. बुधवार, सकाळी अकरा वीस. तुझा छापखाना बंद होऊन त्या दिवशी सहा आठवडे झाले होते. तू रोज डबा घेऊन घरातून निघायचास आणि गॅरेजमध्ये येऊन गाडीत बसायचास. हे घरी कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि त्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. तुझं तू केव्हातरी नीट शब्दांत सांगितलं असतंस, ते मी एका विनोदी ओळीखाली जाहीर करून टाकलं.

तीन आठवड्यांनी तू डबक्यावर प्रश्न विचारलास, सगळ्यांना दिसेल असा: "एखाद्याचा फोटो इथे टाकण्याआधी त्याला विचारावं, असा आपल्याकडे नियम आहे का?" मी ॲडमिन म्हणून उत्तर दिलं: "नियम पान तीनवर आहेत. वाचावेत. धागा बंद." आणि खरोखरच बंद केला, म्हणजे पुढे कुणालाच त्यावर काही लिहिता येऊ नये. पान तीनवर असा नियम नव्हता. मी स्वतः न वाचताच तुला वाच म्हणालो. मला राग याचा आला होता की मला फोन न करता तू चारचौघांत विचारलंस. चारचौघांत सुरुवात कोणी केली, हे डोक्यात यायला मला दोन वर्षं लागली. तोवर तू गॅरेजची किल्ली खिळ्याला अडकवून गेला होतास. मी फोन करायला हवा होता. रोज वाटायचं, आणि रोज वाटायचं की इतके दिवस गेल्यावर आता काय म्हणून करायचा.

तो फोटो मी काढून टाकलेला नाही. आधी हट्टाने, कारण फोटो चांगला आला होता. मग लाजेने, कारण काढला तर सगळे विचारतील का काढला. आणि आता स्वार्थाने. कुणाचाच चेहरा मला दिसत नाही. पण हा फोटो मोठ्या पडद्यावर ताणून घेतला आणि एकेक तुकडा नजरेच्या कडेला सरकवत नेला तर तुझी भुवई दिसते, मग नाक, मग हनुवटीवरचा तो व्रण. अर्ध्या तासात एक भाऊ जमतो. मला तू तेवढाच आहेस.

हा फोटो मी मृत्युपत्राने कुणालाही देत नाही, कारण तो माझा नव्हता, न विचारता घेतला होता. आता विचारतो. ठेवायचा की काढायचा? इथे वाचणं थांबव आणि सांग. मुलगी फोन हातात घेऊन बसलेली असेल, तू म्हणशील ते तिथल्या तिथे करेल. काढ म्हणालास तर मी रुसणार नाही. माझं चुकलं, मला माफ कर. हे बोलायला वकील, साक्षीदार आणि सात कलमं लागली, यावरून तुझा दादा कसा माणूस आहे ते तुला पुन्हा एकदा कळेल.

कलम नऊ. या लेखाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. कुणी भांडू नये. भांडण्यासारखं यात फक्त हॉर्न आहे आणि तो मी दिलेला आहे.

वाचनाची नोंद (वाचणाऱ्याच्या हस्ताक्षरात)

वरील मृत्युपत्र मी, लिहिणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, मुद्रितशोधक, सध्या घरूनच काम करतो, आज त्याच्या घरी दोन्ही साक्षीदारांसमोर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवले. वाचणाऱ्याला, म्हणजे मला, यातून काहीही मिळत नाही. ते मी वाचले व मला मान्य आहे.

कलम आठच्या शेवटी वाचन थांबले. वकीलबाईंनी अकरा मिनिटे मोजली आहेत. वाचन मध्येच थांबले तर का थांबले ते लिहावे लागते असे त्या म्हणतात, म्हणून लिहितो.

मी म्हणालो, "दादा, यात एक चूक आहे. माझे डोळे आधीपासून मिटलेले नव्हते. मला तू दिसला होतास."

दादा म्हणाला, "कधी?"

"तेव्हाच. खिडकीत. मला वाटलं, बरं झालं हा आला. आता आत येईल, शेजारी बसेल, मग याला सगळं सांगून टाकू. सहा आठवडे मी तेच ठरवत होतो, आधी तुला सांगायचं आणि मग घरी. म्हणून मी डोळे मिटून घेतले, तू दार उघडायची वाट बघत. तू फोन वर धरलास आणि गेलास."

दादाने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी म्हणालो, "फोटोचा मला राग नव्हता. घरी कळलं तेही एका अर्थी सुटल्यासारखंच झालं. तू आत आला नाहीस, ते लागलं."

"मग धाग्यात ते का नाही लिहिलंस? नियम कसला विचारत बसलास?"

"सुरुवात कुठून करायची म्हणून नियमापासून केली. पुढचं लिहायच्या आत तू धागा बंद केलास."

यानंतर वहिनी आतून पाणी घेऊन आल्या. पाणी कुणी प्यायलं नाही. दादाने हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, भुवई, नाक, हनुवटी. मी चष्मा काढून ठेवला होता. तो म्हणाला, "म्हातारा झालास की रे." मी म्हणालो, "हो." मग मी पुढचं कलम वाचलं.

फोटोबद्दलचा माझा निर्णय: ठेवावा. खालची ओळ आणि सत्तावन्न विनोद काढले. पुतणीने ते माझ्यासमोर केले. नवी ओळ मी सांगितली ती अशी: "दादा खिडकीत उभा आहे. फोटोत दिसत नाही."

लेख पूर्ण वाचून दाखवल्यावर लिहिणाऱ्याने तो समजल्याचे व मान्य असल्याचे सर्वांसमोर सांगितले. सहीची रेघ त्याला दिसत नव्हती, म्हणून त्याच्या सांगण्यावरून मी त्याचं मनगट धरून हात रेघेवर आणला. सही त्याने स्वतः केली आहे. अक्षर हललेलं दिसलं तर तो माझ्या हाताचा दोष समजावा. त्याचा हात स्थिर होता.

लिहून ठेवणार: (सही) पाना नंबर दहा, म्हणजेच दादा

वाचून दाखवणार: (सही) हँडब्रेक, म्हणजेच धाकटा

साक्षीदार पहिला: (सही) कुटुंबाचे डॉक्टर

साक्षीदार दुसरा: (सही) वकीलबाई

स्थळ: तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार
दिनांक: १९ जानेवारी २०२४, शुक्रवार